काडी कशाची होती?

हिंदू विवाह हा करार नाही, तो संस्कार आहे. अग्नीच्या साक्षीनं वधूवरांनी जोडीनं टाकलेल्या सातव्या पावलाबरोबर तो पूर्ण होतो, आणि मग हा जन्म तर सोडाच, पुढचे सहा जन्मही त्यातून सुटका नाही.

हे वाक्य माझं नाही. शिवाजीनगर कोर्टाच्या आवारात झाडाखाली टाइपरायटर मांडून बसणाऱ्या रशीदभाईंचं आहे. माझ्या वकिलीची पहिली वीस वर्षं माझे सगळे अर्ज त्यांनीच टाइप केले, आणि नवराबायकोचा कुठलाही अर्ज असो, ते न विचारता याच वाक्यानं सुरुवात करत. घटस्फोटाचा असला तरी.

"रशीदभाई, हे वाक्य काढा. आपल्याला लग्न मोडून मागायचंय."

"राहू द्या बाई. वजन येतं." मग कार्बन सरळ करत म्हणायचे, "आमच्यात बघा, करार. कबूल म्हटलं, सही केली, झालं. तुमच्यात सात जन्म. पण कागद दोघांनाही माझ्याकडूनच टाइप करून लागतो."

त्यांचं वाक्य मी कधी काढलं नाही. न्यायाधीश पहिला परिच्छेद वाचत नाहीत हे तोवर मला कळलं होतं.

शनिवार पेठेतल्या दोन खोल्यांच्या ऑफिसात मी छत्तीस वर्षं वकिली केली, आणि त्यातली निम्मी तरी एकाच प्रश्नाभोवती गेली. आधीचं लग्न शाबूत असताना केलेलं दुसरं लग्न, लग्न असतं का? सरळ उत्तर आहे, नसतं. पंचावन्न सालच्या कायद्यानं ते पहिल्या क्षणापासून रद्दबातल ठरवलंय. मांडव, वाजंत्री, अक्षता, पंक्ती, सगळं होऊनही कायद्याच्या दृष्टीनं त्या दिवशी काहीच झालेलं नसतं. मुलं मात्र औरस धरली जातात. त्यांचा काही दोष नसतो, एवढं कायद्याला कळतं.

इतकं सरळ असेल तर वकील कशाला लागतात, असं वाचकांच्या मनात येईल. लागतात, कारण दोन टोकांना दोन गाठी आहेत. एक, पहिलं लग्न खरंच शाबूत होतं का? आणि दोन, दुसरं लग्न मुळात लागलं होतं का? या दुसऱ्या गाठीवर पुष्कळ नवरे सुटलेले आहेत. पहिली बायको असताना दुसरी करणं हा गुन्हा. पण गुन्हा सिद्ध करायचा तर दुसरं लग्न यथाविधी लागलं हे दाखवावं लागतं. होम झाला, सप्तपदी झाली, हे पाहिलेला साक्षीदार लागतो. नुसते हार घातले आणि जेवणं झाली, एवढ्यानं भागत नाही.

वकिलीच्या सुरुवातीच्या काळात माझ्याकडे असाच एक नवरा आला होता. बिबवेवाडीत त्याचा हार्डवेअरचा धंदा. पहिल्या बायकोनं फौजदारी केलेली. दुसऱ्या लग्नाला आठशे पानं उठली होती आणि त्यातल्या आठ जणांना पहिल्या बायकोनं साक्षीला आणलं होतं. प्रत्येकाला मी एकच विचारलं, "सप्तपदी पाहिलीत?" एकानंही पाहिली नव्हती. सगळे जेवणाच्या रांगेत होते. खुद्द गुरुजींनाही नक्की आठवेना. त्या दिवशी त्यांची चार लग्नं होती. माझा अशील निर्दोष सुटला. लग्न झालंच नव्हतं, नुसतं जेवण झालं होतं.

मला तेव्हा पेढे मिळाले. बाहेर व्हरांड्यात ती दुसरी मुलगी उभी होती, गळ्यात मंगळसूत्र, कडेवर मूल. तिनं मला विचारलं, "म्हणजे मी आता कोण?" मी म्हटलं, "ते आज कोर्टापुढं नव्हतं." कायद्याच्या दृष्टीनं उत्तर अचूक होतं. इतकं अचूक उत्तर मी आयुष्यात परत कुणाला दिलं नाही, आणि ते बरंच झालं.

म्हणून नव्वदीच्या दशकात लोणी काळभोरचे नामदेवराव आणि सोनाबाई माझ्यासमोरच्या बाकावर येऊन बसले आणि सोनाबाईंच्या तोंडून जवळजवळ तोच प्रश्न आला, तेव्हा मी हातातली फाइल खाली ठेवली.

नामदेवराव एका सरकारी कचेरीत शिपाई. निवृत्तीला आठ महिने राहिलेले. कुटुंब निवृत्तिवेतनाच्या फॉर्मवर त्यांनी पत्नीचं नाव सोनाबाई लिहिलं. कचेरीतल्या कारकुनानं सर्व्हिस बुक उघडलं. त्यात पत्नीचं नाव हिराबाई.

"आवो, मी त्याच्या म्होरं हुबी," सोनाबाई सांगत होत्या. "तीस वर्सं डबा पाठवलाय ह्या कचेरीत. आन् त्यो मानूस माज्याकडं बगून इचारतोय, मग ह्या कोन?"

"काय सांगितलंत?"

"म्या काय सांगनार? ह्यांच्याकडं बगितलं. हे चपलीकडं बगत व्हते."

नामदेवराव तेव्हाही चपलांकडेच बघत होते. उंच, शांत, वाकलेला माणूस. दोन वर्षांपूर्वी हृदयाचा झटका येऊन गेलेला. हळूहळू हकीकत बाहेर आली. विशीत असताना त्यांचं हिराबाईंशी लग्न झालं होतं. लगेच नोकरी लागली, सर्व्हिस बुकात बायकोचं नाव लिहिलं गेलं. वर्षाच्या आत काडीमोड झाला. चार वर्षांनी सोनाबाईंशी लग्न झालं. सर्व्हिस बुक बदलायचं राहिलं.

"का राहिलं?"

"मोठे साहेब कामात असायचे," नामदेवराव म्हणाले. छत्तीस वर्षांत साहेब एकदाही रिकामे सापडले नव्हते.

पेठेत वाढलेल्या वाचकांसाठी काडीमोड म्हणजे काय ते सांगते. बऱ्याच समाजांत कोर्टाबिर्टाच्या आधीपासून ही रीत आहे. पटत नसलं की दोन्हीकडची माणसं आणि पंच बसतात, बोलणं होतं, आणि शेवटी सगळ्यांसमक्ष एक काडी मोडतात. काडी मोडली की लग्न मोडलं. दोघं दुसरं घर करायला मोकळी. कायद्यानंही ही वाट बंद केलेली नाही, फक्त एक अट घातली आहे. तुमच्या समाजात अशी रीत जुनी आणि चालत आलेली आहे, आणि तुमच्या बाबतीत ती खरोखर पाळली गेली, हे कोर्टात शाबीत करा. कागद अर्थातच नसतो. काडीची पावती कोणी देत नाही.

कचेरीनं लेखी कळवलं: पत्नी कोण हे कोर्टाकडून ठरवून आणा. म्हणजे नामदेवराव आधी गेले, तर सोनाबाईंना त्या टेबलापुढं एकटीनं उभं राहावं लागणार, आणि तेव्हा चपलांकडे बघायलाही कोणी नसणार.

आम्ही दावा लावला. त्यात कचेरीबरोबर हिराबाईंनाही सामील करणं भाग होतं. त्यांचं लग्न मोडलं की नाही हे त्यांना न विचारता कसं ठरवणार? सासवडकडच्या एका गावी त्यांनी दुसरं घर केलं होतं. तिथं समन्स गेलं. ते त्यांच्या दारात काय घेऊन जाईल याचा विचार मी करायला हवा होता. मी फक्त पत्ता बरोबर आहे ना, एवढं पाहिलं.

चौथ्या दिवशी पंचावन्नच्या आसपासची एक ठेंगणी, ठसठशीत बाई समन्स हातात धरून माझ्या ऑफिसात शिरली.

"तुमीच का त्या? माजं लगीन मोडाया निघालेल्या?"

"आपण हिराबाई का? बसा. पाणी घ्या."

"पानी नगं. धाकट्या लेकीची सुपारी फुटलीय माज्या. आन् दारात कोर्टाचा मानूस येऊन, सगळ्या वाड्यावस्तीला ऐकू जाईल असा वाचून दाखवतोय, हिराबाई, नामदेवाची बायको! मालक माजे जेवत व्हते. घास खाली ठिवला त्यांनी."

मी माफी मागितली. मग काय आहे ते नीट समजावलं. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत त्यांनी बोटांवर हिशेब केला.

"म्हंजी काडी खरी ठरली, तर ती सोनाबाई नामदेवाची आन् मी माज्या मालकांची."

"हो."

"आन् खोटी ठरली, तर आमी दोगी बी वाऱ्यावर. आन् त्यो नामदेव परत माज्या गळ्यात."

"कायद्यानं तसंच."

"छत्तीस वर्सांनी?"

"कायद्याला वर्षांचं काही नसतं."

"मंग मी येते साक्षीला," हिराबाई म्हणाल्या, आणि आता पाणी मागितलं.

त्या काळच्या कोर्टात साक्ष कशी व्हायची तेही सांगते. साक्षीदार मराठीत बोलतो, न्यायाधीश ते ऐकून इंग्रजीत सांगतात, आणि टंकलेखक ते टाइप करतो. लोणीचा माणूस पाच मिनिटं हातवारे करून जे सांगतो, त्याची कागदावर एक ओळ होते. वकिलानं एक नियम पाळायचा असतो: ज्याचं उत्तर आपल्याला ठाऊक नाही, तो प्रश्न आपल्या साक्षीदाराला विचारायचा नाही.

माझ्याकडे तीन पंच होते. तिघंही पंचाहत्तरीच्या पुढचे, फेटे बांधून आलेले. त्यांची तयारी मी कसून घेतली होती. बैठक कुठं झाली, कोण कोण होतं, समाजात असे आणखी काडीमोड कधी झाले, सगळं. तिघांचं सगळं जुळत होतं. एकच गोष्ट विचारायची राहिली, कारण ती विचारण्यासारखी आहे हेच मला सुचलं नाही. माझ्या लेखी काडी म्हणजे काडी.

कचेरीतर्फे उभे राहिलेले सरकारी वकील तरुण होते आणि कायद्याची पाच जाड पुस्तकं टेबलावर रचून ठेवायचे. उघडलेलं एकच असायचं. ते पहिल्या पंचाकडे वळले.

"काडी कशाची होती?"

"जुंधळ्याची. कडब्याची."

दुसरे आत आले. पहिल्याचं उत्तर त्यांनी ऐकलं नव्हतं. साक्षीदार बाहेरच थांबवतात. "काडी? बाभळीची व्हती साहेब."

तिसरे म्हणाले, "आगपेटीतली."

सरकारी वकिलांनी पुस्तकांच्या चवडीवर हात ठेवला आणि न्यायाधीशांकडे असं पाहिलं, की जणू या क्षणासाठीच त्यांच्या आईवडिलांनी त्यांना शिकवलं होतं. तीन साक्षीदार, तीन काड्या. म्हणजे एकही काडी नाही. म्हणजे काडीमोड नाही. नामदेवरावांना पिंजऱ्यात विचारलं, तर ते म्हणाले, "ध्यानात न्हाई." माझा अशील मला पहिल्यांदाच खोटं बोलल्यासारखा वाटला, आणि खोटंसुद्धा आपल्याच विरुद्ध.

सोनाबाईंची साक्ष चांगली झाली. सरकारी वकिलांनी त्यांनाही सप्तपदीचं विचारलं. "तुमच्या लग्नात किती पावलं चाललात?"

"सात."

"मोजली होतीत?"

"पाचव्याला ह्यांच्या उपरन्याची गाठ सुटली. भटजी म्हनले थांबा. परत बांदली. मंग दोन. पाच आन् दोन किती हुत्यात ते तुमीच सांगा."

पण त्यानं काय होणार? दुसरं लग्न कितीही पक्कं असलं, तरी पहिलं मोडलेलं नसेल तर ती सातही पावलं वाया. मधल्या सुट्टीत त्या व्हरांड्यात नामदेवरावांना डब्यातली भाकरी मोडून देत होत्या. मला ती बिबवेवाडीची मुलगी आठवत राहिली.

दुपारी हिराबाई उभ्या राहिल्या; दाव्यात सामील असल्यानं त्या सकाळपासून आतच बसून सगळं ऐकत होत्या. मी शपथ, नाव, गाव संपवलं आणि मग नियम मोडला. दुसरं काही हातात नव्हतं.

"हिराबाई, काडी कोणी मोडली?"

साक्ष झाल्यामुळं तिन्ही फेटे आता मागच्या बाकावर बसले होते. त्यांच्याकडे हिराबाईंनी एकदा पाहिलं. तिन्ही फेटे खाली झुकले.

"म्या."

न्यायाधीशांनी मान वर केली. "तुम्ही?"

"व्हय साहेब. पंचांनी काडी नामदेवाच्या हातात दिली. हिरवी व्हती. त्यानं मोडली, ती वाकली. परत मोडली, परत वाकली. पिळली. मोडंच ना. मान्सं हसाया लागली. माजा बाप खाली मान घालून बसला. ह्याचं त्वांड रडव्यावानी झालं. म्हनलं, ह्ये काय दिवसभर चालनार. घेतली त्याच्या हातातनं आन् दातानं तोडली."

सरकारी वकील उठले. "रीतीप्रमाणे काडी नवऱ्यानं मोडायची असते ना?"

"त्याला मोडता आली असती तर त्यानंच मोडली असती की साहेब."

"कशाची होती काडी?"

"लिंबाची."

"छत्तीस वर्षांनंतर इतकं खात्रीनं कसं सांगता?"

"कडू व्हती."

न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं. टंकलेखकाची बोटं यंत्रावर तशीच थांबली.

"म्हणजे," सरकारी वकील म्हणाले, "हे तीन वयस्कर, प्रतिष्ठित पंच शपथेवर खोटं बोलले?"

"खोटं न्हाई साहेब. लाजत्यात. पंचांच्या म्होरं सतरा वर्सांच्या पोरीनं काडी तोडली, ह्ये कुठल्या तोंडानं सांगत्याल? त्यांनी आपापली वाळकी काडी आनली."

मागच्या बाकावरून बाभळीवाले पंच उठून उभे राहिले. "लिंबाचीच व्हती साहेब."

"तुमची साक्ष संपली आहे," न्यायाधीश म्हणाले. "बसा." मग त्यांनी बराच वेळ खिडकीबाहेर बघत इंग्रजीत सांगितलं, की साक्षीदाराच्या म्हणण्यानुसार काडी कडुलिंबाची होती आणि हे तिला चवीवरून माहीत आहे. सांगताना त्यांचा आवाज एकदाच हलला.

नामदेवराव चपलांकडे बघत नव्हते. हिराबाईंकडे बघत होते आणि डोळे पुसत होते. हसू की रडू, ते मला तिथून दिसलं नाही.

सरकारी वकिलांनी शेवटपर्यंत किल्ला लढवला. नवऱ्यानं मोडायची काडी बायकोनं मोडली, सबब रीत पाळली गेली नाही, असा त्यांचा युक्तिवाद. मी म्हटलं, काडी हे मोकळं होण्याचं चिन्ह आहे, ताकदीची परीक्षा नाही. पंचांनी त्या दिवशी ती मोडलेली धरली, दोघांनी मोडलेली धरली, दोघांनी पुढं घरं केली, आणि सबंध गावानं छत्तीस वर्षं ती मोडलेलीच धरली आहे. निकाल आमच्या बाजूनं लागला. काडीमोड रीतीनं झाला, सबब सोनाबाई याच कायदेशीर पत्नी. हिराबाईंचा संसारही आपोआप त्याच निकालानं उभा राहिला. काडी कशाची होती हे ठरवण्याची आवश्यकता नाही, असंही निकालपत्रात होतं. ते वाक्य मला जरा कृतघ्नपणाचं वाटलं.

नंतर व्हरांड्यात दोघी पहिल्यांदा समोरासमोर आल्या. सोनाबाई वाकून पाया पडायला लागल्या, तर हिराबाईंनी त्यांना दंडाला धरून उभं केलं.

"पाया नगं पडू गं. सांबाळ त्याला. मानूस गरीब हाय. ह्याची आई मला बोलायची आन् ह्यो ऐकायचा, येवडाच त्याचा गुन्हा. पन हातात जोर न्हाई त्याच्या."

"ठावं हाय, आक्का," सोनाबाई म्हणाल्या. "घरात नारळ बी मीच फोडते."

नामदेवराव खांबाशी उभे राहून ऐकत होते, आणि त्यांच्याविषयी इतका एकमताचा निर्वाळा दुसऱ्या कुठल्या कोर्टात मिळाला नसता.

जाता जाता हिराबाई माझ्याकडे वळल्या. "बाई, एक इचारू? तुमच्या लग्नात झाली का वो सात पावलं?"

"झालीच असतील," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. झालीच असतील म्हणणाऱ्या साक्षीदाराकडे मी स्वतः जसं बघायची, अगदी तसंच. "बगा एकदा," म्हणाल्या, आणि सासवडची गाडी धरायला गेल्या.

सोनाबाईंचं नाव सर्व्हिस बुकात चढलं. नामदेवराव त्यानंतर अकरा वर्षं जगले. रशीदभाईंना मी काडीची हकीकत सांगितली, तेव्हा त्यांनी टाइप करायचं थांबवून विचारलं, "मग ते पहिलं वाक्य आता ठेवायचं का?" मी म्हटलं, ठेवा, वजन येतं.

निकालाच्या संध्याकाळी घरी येऊन मी कपाटावरचा लग्नाचा अल्बम काढला. आमचं लग्न एका छोट्या कार्यालयात लागलं, आणि गुरुजींना साडेबाराला दुसरीकडे पोचायचं होतं एवढं मला आठवत होतं. सप्तपदीचा फोटो आहे, अगदी स्वच्छ. पाटासमोर तांदळाच्या राशी ओळीनं मांडलेल्या, प्रत्येकीवर सुपारी. मी चष्मा लावून मोजल्या.

राशी पाच आहेत. पुढं सोफा आहे, आणि सोफ्यावर माझे चुलत सासरे बसले आहेत.